पिक्चरमधला खेळाडू माझं ऐकत नाही



गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या पोलादपूरकडचा पाऊस तुम्हाला माहीत असेलच. एकदा लागला की आठ-आठ दिवस मैदानावर पाय ठेवता येत नाही. मधल्या सुट्टीत सगळी मुलं व्हरांड्यात, आणि व्हरांड्यात एवढी मुलं म्हटल्यावर भांडण ठरलेलंच. त्या दिवशी चौथीतले दोघे माझ्यासमोर येऊन उभे राहिले. एकाने पोकेमॉनचा चित्रपट टीव्हीवर हिंदीत पाहिला होता. दुसरा मे महिन्यात मुंबईला मामाकडे गेला होता. तिथे त्याने मामाच्या जुन्या, हातात धरून खेळायच्या गेमवर पोकेमॉन खेळला होता आणि नंतर तोच चित्रपटही पाहिला होता. भांडण कशावरून? तर खरी गोष्ट कोणती, चित्रपटातली की गेममधली?

"बाई, मी कासव घेतलं होतं. नाव पण माझंच टाकलं होतं," दुसरा म्हणाला. "पिक्चरमध्ये कोण तो अ‍ॅश! त्याच्याकडं पिवळा उंदीर. मी म्हणतो इकडं चल, तर तो तिकडंच जातो. पिक्चरमधला खेळाडू माझं ऐकतच नाय!"

मी हसले, दोघांना वर्गात पाठवलं. पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. मी स्वतः गेम खेळणारी नाही. तरी भाच्याला विचारून, थोडं पाहून, थोडं वाचून हा विषय समजून घेतला. आणि शेवटी विषय गेमचा राहिलाच नाही, तो माझ्या वर्गापर्यंत आला. म्हणून हा लेख.

सोंग घेऊन खेळायचा खेळ

रोल-प्लेइंग गेम हे नाव मोठं वाटतं, पण आपण सगळे तो खेळलोय. भातुकली हा रोल-प्लेइंग गेमच. आई कोण, पाहुणा कोण, भात करपला की नाही, हे खेळणारेच ठरवतात. व्हिडिओ गेममध्येही तसंच. खेळणाऱ्याला एक पात्र मिळतं. पुष्कळदा त्याचं नावही तोच ठेवतो. कुठल्या गावाला जायचं, कोणाशी बोलायचं, सोबत कोणाला घ्यायचं, हे तो ठरवत जातो.

आपल्याकडच्या खेळांत हा फरक चांगला दिसतो. सापशिडीत फासा पडेल तिथे जायचं, आपल्या डोक्याला काम नाही. सारीपाटात दान फाशाचं असलं तरी कोणती सोंगटी हलवायची हे आपण ठरवतो. रोल-प्लेइंग गेम हा सारीपाटाच्या घरातला. आणि त्यावरचा चित्रपट म्हणजे दुसऱ्या कोणीतरी खेळून संपवलेला डाव आपण बाजूला बसून पाहायचा.

पोकेमॉनचंच बघा. हा गेम जपानमध्ये १९९६ साली आला. तो ज्यांच्या कल्पनेतून आला ते सातोशी ताजिरी लहानपणी किडे पकडायचे, जमवायचे. आपली मुलं पहिल्या पावसात वहाळावर खेकडे पकडायला धावतात, तोच आनंद त्यांना खेळात आणायचा होता. गेमच्या सुरुवातीलाच मुलाला तीन प्राण्यांमधून एक निवडायला सांगतात: पाठीवर कंद असलेला बल्बासॉर, शेपटीला आग असलेला चारमॅन्डर आणि कासवासारखा स्क्वर्टल. निवड तुमची, पुढचा प्रवास त्या निवडीवर.

१९९७ मध्ये त्यावर कार्टून मालिका आली आणि १९९८ मध्ये पहिला चित्रपट. मालिकेतला नायक पहिल्याच दिवशी उशिरा उठतो, तोवर तिन्ही प्राणी संपलेले असतात आणि त्याच्या वाट्याला पिकाचू येतो. गंमत पुढे आहे. पिकाचू एवढा लाडका झाला की १९९८ मध्येच गेमची एक नवी पिवळी आवृत्ती आली आणि तीत खेळणाऱ्याला सुरुवातीला पिकाचूच मिळू लागला. तिघांतून एक निवडायची सोय गेली. म्हणजे पडद्यावरच्या गोष्टीने खेळातली निवड काढून घेतली. आमच्या चौथीतल्या मुलाची तक्रार नेमकी हीच होती.

चित्रपटाची बाजू

आता कोणी म्हणेल, मग हे चित्रपट वाईट का? मला तसं वाटत नाही.

पोकेमॉनच्या त्या पहिल्या चित्रपटात म्यूटू नावाचा एक ताकदवान प्राणी आहे. माणसांनी तो प्रयोगशाळेत बनवलाय. गेममध्ये हाच म्यूटू एका गुहेत असतो. खेळणारा जातो आणि त्याला हरवतो किंवा पकडतो, संपलं. चित्रपटात मात्र तो बोलतो. आपण कोण आहोत, आपल्याला कशासाठी बनवलं, असा प्रश्न त्याला पडतो आणि माणसाची चाकरी करायला तो नकार देतो. खेळताना आपलं स्वातंत्र्य आपल्याला दिसतं, पण आपण ज्याला पकडतो त्याचं काय, हा प्रश्न खेळ सहसा विचारत नाही. चित्रपटाने तो विचारला. दुसऱ्याच्या मनात नेऊन बसवणं हे गोष्टीचं काम आहे आणि ते चित्रपट चांगलं करतो.

दुसरं म्हणजे गेममधलं स्वातंत्र्य वाटतं तेवढं मोठं नसतं. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये 'राजी' नावाचा गेम काढला. सर्कशीतली मुलगी, राक्षसांनी पळवलेला तिचा भाऊ, मध्ये मध्ये छायाबाहुल्यांमधून सांगितलेली कथा. आपल्या मातीतला गेम म्हणून कौतुक वाटतंच. पण तिथे लढायचं कसं ते आपल्या हातात, गोष्ट मात्र ठरलेल्या वाटेनेच जाते. तेव्हा गेम म्हटलं की मोकळीक आणि चित्रपट म्हटलं की बंधन, अशी सरळ वाटणी नाही.

सगळ्यात मजेशीर उदाहरण 'ड्रॅगन क्वेस्ट'चं. १९८६ चा हा जपानी गेम या प्रकारातल्या जुन्या गेमपैकी एक. त्यात खेळणारा राजकन्येला सोडवतो. ती विचारते, मला राजवाड्यात नेशील ना? पडद्यावर दोन उत्तरं येतात, हो आणि नाही. तुम्ही 'नाही' निवडलंत की ती म्हणते, असं कसं चालेल, आणि पुन्हा तोच प्रश्न. पुन्हा 'नाही', पुन्हा तोच प्रश्न. 'हो' म्हणेपर्यंत सुटका नाही!

हे वाचलं आणि मला माझा वर्ग आठवला. "समजलं का रे सगळ्यांना?" "होऽऽऽ बाई!" एखादा गप्प राहिला तर आपण त्याच्याकडे बघून पुन्हा विचारतो, "समजलं का?" 'नाही' म्हटलं तर काय होतं हे त्याला पक्कं ठाऊक असतं. मग तोही म्हणतो, "हो बाई." राजकन्येचा आणि माझा प्रश्न एकच की हो!

त्याच गेममध्ये अगदी शेवटी मात्र एक खरा प्रश्न आहे. खलनायक म्हणतो, माझ्या बाजूला ये, अर्धं जग तुझं. इथे 'हो' म्हणता येतं आणि म्हटलं की खेळ तिथेच संपतो. केवढा फरक! पहिल्या प्रश्नात निवड नुसती दाखवायची आहे. दुसऱ्यात निवडही आहे आणि तिचा परिणामही.

याच मालिकेतला पाचवा गेम १९९२ चा. त्यात नायकाचं लहानपणापासून बाप होईपर्यंतचं आयुष्य आहे. मधे एका टप्प्यावर लग्न कोणाशी करायचं, बालमैत्रीण बियांकाशी की फ्लोराशी, हे खेळणाऱ्याने ठरवायचं. त्यावर २०१९ मध्ये 'ड्रॅगन क्वेस्ट: युवर स्टोरी' हा अ‍ॅनिमेशनपट आला. नावात 'तुमची गोष्ट', पण चित्रपटात लग्न एकीशीच होणार आणि कोणाशी ते दिग्दर्शक ठरवणार. शेवटी तर कळतं, की नायक हा आत बसून गेम खेळणारा एक मोठा माणूस आहे. एक खलप्रवृत्ती त्याला सांगते, हे सगळं खोटं आहे, आता मोठा हो. तो उत्तर देतो, की माझ्यासाठी हे खरंच होतं. उत्तर चांगलं आहे. तरीही लहानपणी हा गेम खेळलेले अनेक प्रेक्षक चिडले. त्यांची चीड मला कळते. जी निवड त्यांनी स्वतः केली होती, ती कोणीतरी त्यांच्या वतीने करून दाखवली आणि वर ती खरी की खोटी यावर चर्चाही केली. आमचा चौथीतला मुलगा वेगळं काय म्हणत होता?

उमरठ आणि माझी चूक

आता घरच्या गोष्टीकडे येते. तानाजी मालुसऱ्यांचं उमरठ आमच्याच तालुक्यात. इथल्या मुलांना कोंढाण्याची गोष्ट शिकवावी लागत नाही, ती घरूनच घेऊन येतात. २०२० मध्ये अजय देवगणचा चित्रपट आला तेव्हा तर वर्गातलं प्रत्येक पोर तानाजी झालं होतं.

दोन वर्षांपूर्वी शिवजयंतीला आम्ही याच गोष्टीचं नाटुकलं बसवलं. संहिता माझीच. रायबाच्या लग्नाची बोलणी चालली आहेत, शिवरायांचा निरोप येतो, तानाजी लग्न बाजूला ठेवून कोंढाण्यावर निघतात. तालमीत तानाजी झालेला मुलगा आपलं वाक्य बोलून निघाला, तर त्याच्या बायकोचं काम करणारी मुलगी मध्येच आडवी आली आणि म्हणाली, "आता नका जाऊ ना. पोराचं लग्न होऊ द्या, मग जा."

हे वाक्य संहितेत नव्हतं. सगळे हसले. तानाजी गोंधळला, त्याला पुढचं आठवेना. आणि मी काय केलं? "लिहिलंय तेवढंच बोलायचं," असं जरा आवाज चढवूनच म्हटलं. कार्यक्रमाच्या दिवशी ती तेवढंच बोलली. त्यानंतर वर्षभर वर्गातही विचारलं तेवढंच बोलायची. शिस्त लागली म्हणून मला बरंच वाटलं होतं.

"माझं ऐकतच नाय" हे वाक्य कानावर पडलं तेव्हा मला ती मुलगी आठवली. विचार करा, "नका जाऊ" म्हणणारं घरात कोणी असलं, तरच "मी जातो" या बोलण्याला वजन येतं. थांबणं शक्य होतं म्हणून जाणं मोठं. थांबायची वाटच नसेल, तर तानाजी नुसता संहितेप्रमाणे चालला. त्या मुलीने माझं नाटक बिघडवलं नव्हतं. तानाजींचा निर्णय किती अवघड होता हे तिने दाखवलं होतं आणि मी तिला गप्प केलं.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगते. इतिहास म्हणजे गेम नव्हे. फेब्रुवारी १६७० मध्ये कोंढाणा जिंकला गेला आणि तानाजी पडले. हा शेवट मुलांच्या मताने बदलत नाही आणि बदलूही नये. पण शेवट ठरलेला असला, तरी त्याच्या आधीचा क्षण मुलांसाठी उघडा ठेवता येतो. "तू त्या जागी असतास तर?" असं विचारता येतं. आणि पोर म्हणालं, "बाई, मी लग्नाला थांबलो असतो," तर त्याला भित्रा न म्हणता पुढचा प्रश्न विचारता येतो, "मग गडाचं काय झालं असतं?"

फळ्यावरचं उत्तर

तुम्ही म्हणाल, असे प्रश्न तर पाठ्यपुस्तकात असतातच. 'तुम्ही त्या जागी असता तर काय केले असते?' स्वाध्यायात हा प्रश्न आपण सगळ्यांनी पाहिलाय. पण खरं सांगा, त्याचं उत्तर आपण काय करतो? फळ्यावर लिहून देतो! मीही द्यायचे. माझ्या वर्गातल्या बावीस वह्यांत बावीस मुलांनी त्या जागी अगदी एकच गोष्ट केलेली असायची, शुद्धलेखनासकट. डी.एड.ला सूक्ष्म अध्यापनात प्रश्न विचारण्याच्या कौशल्याचे पाठ घेतले होते, त्याला चांगले गुणही होते. पण उत्तराची वाट बघायची असते, हे मला वर्गातच शिकावं लागलं.

खडूने आखलेला गेम

मग मी एक करून पाहिलं. आठवडाभर उघडीप नव्हतीच, तेव्हा व्हरांड्यात खडूने पाच मोठे गोल काढले. गोष्ट आमचीच घेतली. जुलै २०२१ चा पाऊस इथे कोणी विसरलेलं नाही. सावित्रीचं पाणी महाड शहरात शिरलं, तळियेवर दरड कोसळली. मुलांच्या घरी अजून त्याबद्दल बोललं जातं. म्हणून मी माणसं दगावल्याचा भाग घेतला नाही. गोष्ट एवढीच ठेवली: रात्र आहे, ओढ्याचं पाणी चढतंय, घरात तू, आई, आजी आणि लहान भाऊ. प्रत्येक गोलावर एक प्रश्न. उत्तर मुलांनी द्यायचं, त्याचा परिणाम वर्गाने मिळून सांगायचा आणि मग पुढचा गोल.

पहिलाच प्रश्न होता, आधी काय कराल? माझ्या मनातलं उत्तर तयार होतं: कागदपत्रं आणि दप्तर प्लॅस्टिकमध्ये बांधायचं. तर जो मुलगा हजेरीशिवाय तोंड उघडत नाही, तो म्हणाला, "आधी खुराडं उघडायचं. कोंबड्या आपल्या आपण वर चढत्यात. बंद राहिल्या तर मरत्यात." लगेच एकीने अडवलं, "आधी आजी. आजीला चढायला वेळ लागतो." मग अर्धा वर्ग आजीकडून, अर्धा कोंबड्यांकडून. शेवटी त्यांनीच तोड काढली, लहान भावाने खुराडं उघडायचं आणि मोठ्यांनी आजीला धरायचं. मी एक शब्द बोलले नव्हते.

एका गोलावर मात्र मी निवड ठेवली नाही. गावात निघायचा इशारा आला की निघायचं, तिथे 'हो की नाही' नाही. मुलांनी विचारलं, "इथं का नाय निवडायचं?" मी कारण सांगितलं आणि त्यांना ते पटलं. राजकन्येच्या प्रश्नापेक्षा हे बरं नाही का? जिथे निवड नाही तिथे ती असल्याचं नाटक करू नये. 'यात निवड नाही' असं सांगावं आणि का नाही तेही सांगावं. मुलं नियम मानतात. उत्तर आधीच ठरवून विचारलेला प्रश्न मात्र त्यांच्या लगेच लक्षात येतो.

पालकांसाठी थोडं

पालक नेहमी विचारतात, मुलाला गेम खेळू द्यावा की नाही? आपल्याकडे बहुतेक घरांत एकच फोन, तोही बाबांचा, आणि रिचार्ज संपला की तोही गप्प. कोणी मुलासाठी गेम विकत घ्यावा असं मी मुळीच म्हणत नाही. मोबाइलवरच्या बऱ्याच गेममध्ये पैसे भरले की पुढची वाट उघडते. तिथे मुलाची निवड कमी आणि खिसा जास्त चालतो, तेव्हा लक्ष ठेवाच. वेळेची मर्यादाही हवीच.

पण मूल चित्रपट बघत असेल, तर कधी पाच मिनिटं शेजारी बसा. नायक काही ठरवणार असं दिसलं की चित्र थांबवा आणि विचारा, "तू काय केलं असतंस?" उत्तर काहीही आलं तरी लगेच दुरुस्त करू नका. टीव्हीवर थांबवता येत नसेल तर जाहिरातीत विचारा. आणि गेम खेळलेलं मूल म्हणालं, की पिक्चरमध्ये चुकीचं दाखवलंय, तर "गप बस, बघ नुसतं" म्हणू नका. त्याला विचारा, तुझ्या खेळात काय झालं होतं? ते जे सांगेल ती त्याने रचलेली गोष्ट असेल. आपण मराठीच्या तासाला 'स्वतःच्या शब्दांत सांगा' म्हणतो ते आणखी वेगळं काय असतं?

शिक्षक मित्रांनो, वेळ कुठून आणायचा, अभ्यासक्रम कसा संपवायचा, या अडचणी मलाही आहेत. म्हणून मी आठवड्यातून एकच तास, त्यातली शेवटची दहा मिनिटं ठेवलीत. पाठातला एक निर्णय घ्यायचा, शेवट वाचायच्या आधी थांबायचं आणि विचारायचं. त्या स्वाध्यायाचं उत्तर फळ्यावर लिहायचं नाही, एवढा एक नियम मी स्वतःला घालून घेतलाय. वह्या तपासायला वेळ जास्त लागतो हे खरं. बावीस वेगवेगळी उत्तरं वाचावी लागतात!

नाटुकल्यातली ती मुलगी आता आमच्या शाळेत नाही, महाडला शिकते. परवा बाजारात आईबरोबर भेटली. या शिवजयंतीला आम्ही तेच नाटुकलं पुन्हा करणार आहोत. मी तिला सांगितलं, की तुझं ते वाक्य या वेळी संहितेत घेतलंय. तिला आधी आठवेना, मग आठवलं. हसली आणि म्हणाली, "बाई, मग तानाजी काय म्हणतो?"

ते मी अजून लिहिलेलं नाही. या वर्षीच्या तानाजीला विचारायचं आहे.